मित्राचा धर्म सांगताना



ख्रिस्ती माणसाने आपल्या मुसलमान मित्राशी श्रद्धेविषयी बोलावे का, आणि बोलायचे तर कसे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. पहिल्या प्रश्नाला आपल्याकडे बहुतेक जण 'नकोच ते' असे उत्तर देतात. ईदचा शिरखुर्मा या घरी येतो, नाताळच्या करंज्या त्या घरी जातात, मुलांच्या प्रवेशापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळ्या गोष्टी बोलून होतात. मात्र ज्या गोष्टीसाठी तो पहाटे उठतो आणि मी रविवारी मिस्साला जातो, तिला दोघेही हात लावत नाहीत. या न बोलण्यालाच आपण आदर म्हणतो. मला तो आदर वाटत नाही. ज्याचे अंतरंग विचारायचेच नाही असे ठरवून टाकले आहे, त्याचा आदर करायचा तरी कशाच्या आधारावर? आदराची कसोटी अचूकपणा ही आहे, असे मला आज मांडायचे आहे. मित्राचा धर्म मी असा सांगावा की ऐकताना त्याला तो आपलाच वाटावा. आणि माझा धर्म त्याला असा सांगावा की माझ्या मंडळीतल्या म्हाताऱ्या बाईलाही तो ओळखू यावा. यातली पहिली अट मोडली की निंदा होते, दुसरी मोडली की खुशामत होते. स्वर गोड असला तरी दोन्हींत फरक पडत नाही.

या दोन धर्मांचा संवाद त्यांच्या पहिल्या भेटीइतकाच जुना आहे. इब्न इसहाकने लिहिलेल्या आणि इब्न हिशामने संस्कारून ठेवलेल्या पैगंबरचरित्रात एक प्रसंग आहे. मक्केत छळ वाढला तेव्हा, साधारण ६१५च्या सुमारास, हजरत मुहंमदांच्या काही अनुयायांनी समुद्र ओलांडून हबशांच्या देशात, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूला, ख्रिस्ती राजाच्या आश्रयाला जाणे पत्करले. त्यांना परत धाडावे म्हणून मक्केचे दूत भेटी घेऊन मागोमाग गेले. राजाने, ज्याला अरब नजाशी म्हणत, आश्रितांना बोलावून विचारले, तुमचा हा नवा धर्म काय आहे? त्यांच्या वतीने त्यांच्यातलाच जाफर नावाचा एक जण बोलला आणि त्याने सुरा मरियमचा आरंभ म्हणून दाखवला. राजाची दाढी भिजेपर्यंत त्याला रडू आले, असे चरित्रकार सांगतो. इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. माझ्या दृष्टीने खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी घडली. मक्केच्या दूताने डाव टाकला: हे लोक येशूबद्दल भयंकर बोलतात, त्यांना विचारून पाहा. आश्रितांची रात्र चिंतेत गेली. थोडे मोघम बोलले असते तर कोणी दोष दिला नसता. जाफरने मात्र आपला विश्वास होता तसा सांगितला: इसा हा ईश्वराचा सेवक, त्याचा प्रेषित, त्याचा आत्मा आणि मरियमच्या ठायी टाकलेला त्याचा शब्द आहे. 'सेवक' हा शब्द ख्रिस्ती राजाच्या कानाला खटकणार, हे त्याला माहीत होते. राजाने जमिनीवरची एक काडी उचलली आणि या काडीइतकाही फरक नाही असे म्हटले. भोवतीचे धर्माधिकारी कुरकुरले, तरी आश्रितांना अभय मिळाले. मुस्लिम परंपरा नजाशीला पुढे श्रद्धावंत मानते. मला इथे एवढेच दाखवायचे आहे की जाफरने पहिल्या दिवशी दोघांचे जे सामाईक होते ते सांगितले, दुसऱ्या दिवशी जे वेगळे होते ते सांगितले, आणि दोन्ही दिवस तो खरेच बोलला.

याची उलट बाजू पाहायला बगदादला जावे लागते. बगदाद शहर ७६२ मध्ये वसले. वीस वर्षांच्या त्या नव्या राजधानीत, ७८१-८२च्या सुमारास, अब्बासी खलिफा अल-महदी आणि पूर्वेकडील ख्रिस्तसभेचे प्रमुख, कॅथोलिकोस पहिले तिमथी, यांच्यात दोन दिवस संभाषण झाले. तिमथींनी ते सिरियाक भाषेत, सर्जियस नावाच्या आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात नोंदवून ठेवले आहे. ही ख्रिस्तसभा काही लहानसहान नव्हती. तिच्या लोकांनी चीनमधल्या शीआन इथे जो प्रसिद्ध शिलालेख उभारला तो ७८१ सालचाच. आपल्या किनाऱ्याशीही तिचा संबंध होता: सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस 'कल्लियाना' इथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे लिहितो, आणि हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे बगदादमध्ये जो बोलत होता तो कल्याणच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीच्या परंपरेतला माणूस होता.

खलिफाचा पहिलाच प्रश्न वर्मावर होता. आपल्यासारख्या ज्ञानी माणसाने ईश्वराने स्त्री केली आणि तिच्यापासून मुलगा झाला असे म्हणणे शोभत नाही, अशा अर्थाचे तो बोलला. तिमथी न चिडता उलट विचारतात, अशी निंदा कोण करतो? खलिफा म्हणतो, मग ख्रिस्ताबद्दल तुम्ही म्हणता तरी काय? संभाषणाचा दरवाजा या ठिकाणी उघडला. खलिफाने जे नाकारले होते ते तिमथीही नाकारत होते. खलिफाला वाटत होते की ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे तेच. ते तसे नाही, एवढे स्पष्ट झाल्यावर खऱ्या मतभेदाला सुरुवात झाली. सूर्यापासून प्रकाश निघतो, मनातून शब्द निघतो, तसा पुत्र पित्यापासून आहे, ही तिमथींची मांडणी. सूर्यापासून प्रकाश निघताना सूर्याचे दोन तुकडे होत नाहीत.

हा गैरसमज आजही जसाच्या तसा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. 'देवाचा पुत्र' हे शब्द ऐकले की मुसलमान मित्राच्या मनात जे चित्र उभे राहते ते त्याला असह्य वाटते, आणि वाटावेच. आपण मराठीत 'भूमिपुत्र' म्हणतो तेव्हा जमिनीचे लग्न कोणाशी झाले असे कोणी विचारत नाही. कुराणातही वाटसरूला 'इब्न अस्-सबील', वाटेचा पुत्र, असा शब्द आहे. पुत्र हा शब्द नात्याचा आहे आणि नाती रक्ताखेरीजही असतात. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. कुराणाच्या ११२व्या सुरेत ईश्वर जन्म देत नाही आणि जन्म घेत नाही असा सिद्धांत आहे. १२१५ मध्ये रोमच्या लॅटरन प्रासादात भरलेल्या चौथ्या धर्मपरिषदेने, वेगळ्या वादाच्या निमित्ताने, ईश्वराचे जे तत्त्व आहे ते जनकही नाही आणि जनितही नाही असेच म्हटले आहे. पण हे सांगून थांबलो तर मी अर्धवट बोललो असे होईल. त्याच परिषदेने पुत्र पित्यापासून जन्मला असेही म्हटले आहे आणि मी दर रविवारी श्रद्धाप्रकटन करताना तेच म्हणतो. मित्राला पहिले वाक्य सांगून दुसरे गिळून टाकणे ही फसवणूक आहे. तसेच कुराणाच्या पाचव्या सुरेतल्या ११६व्या आयतीबद्दल. तिथे ईश्वर इसाला विचारतो की मला व माझ्या आईला देव माना असे तू लोकांना सांगितलेस काय? या आयतीवरून ख्रिस्ती त्रैक्यात मरियमही आहे असा समज पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. ख्रिस्तसभेने कधीही तसे शिकवलेले नाही. मग मित्राला आयत चूक आहे असे म्हणत बसण्याऐवजी, ही आयत जे दोषास्पद मानते ते आम्हीही दोषास्पदच मानतो, असे सांगता येते. हे तिमथींच्याच वाटेने जाणे झाले.

दुसऱ्या दिवशी खलिफाने जो प्रश्न विचारला तो कोणत्याही ख्रिस्ती माणसाला आज ना उद्या विचारला जातो: मुहंमदांबद्दल तुमचे मत काय? समोर साम्राज्याचा धनी, प्रश्न त्याच्या पैगंबराबद्दल. तिमथींचे उत्तर मी माझ्या शब्दांत सांगतो. ते म्हणतात की मुहंमद सर्व विचारी माणसांच्या स्तुतीला पात्र आहेत, ते संदेष्ट्यांच्या मार्गाने चालले. कारण त्यांनी एका ईश्वराची शिकवण दिली, लोकांना दुष्कर्मांपासून परावृत्त केले, मूर्तिपूजेपासून दूर नेले, आणि ईश्वराबद्दल, त्याच्या शब्दाबद्दल व आत्म्याबद्दल सांगितले. प्रत्येक कारण नेमके आहे आणि प्रत्येक कारण मुसलमानालाही मान्य होईल असे आहे. खलिफा लगेच म्हणतो, मग त्यांचे म्हणणे स्वीकारा. तिमथी विचारतात, कोणते? ईश्वर एक आहे हे. ते तर मी तोरा, संदेष्टे आणि शुभवर्तमान यांच्याकडून शिकलो आहे, असे उत्तर येते. शुभवर्तमानात ज्या 'साहाय्यकर्त्या'चे वचन आहे ते मुहंमदच, असे खलिफा सुचवतो तेव्हा तिमथी नाही म्हणतात. 'संदेष्ट्यांच्या मार्गाने चालले' आणि 'संदेष्टे आहेत' यांतले अंतर त्यांनी मोजून ठेवले होते. स्तुती जिथवर प्रामाणिक होती तिथवर त्यांनी मोकळ्या मनाने केली आणि जिथे ती खोटी झाली असती तिथे ते थांबले.

तिमथींनी सगळे बरोबरच केले असे नाही. कुराणातल्या काही सुरांच्या आरंभी अलिफ-लाम-रा यांसारखी सुटी अक्षरे येतात. त्यांत तीन अक्षरे आहेत म्हणून ती त्रैक्याकडे बोट दाखवतात, असाही युक्तिवाद त्यांनी केला आहे. तो मला पटत नाही. अक्षरांची संख्या सगळीकडे तीन नाही हा तांत्रिक भाग झाला. त्याहून मोठा दोष असा की मित्राच्या ग्रंथातून त्याने कधीच न वाचलेला अर्थ काढून तो त्याच्याच अंगावर टाकणे म्हणजे त्याच्या घरात शिरून भांड्यांवर आपली नावे घालण्यासारखे आहे. आमच्या बायबलातल्या वचनांबाबत कोणी असे केले की आम्हाला लागते. मग आम्हीही ते टाळायला हवे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. हे सगळे तिमथींच्याच लेखणीतून आले आहे; खलिफाने खरोखर असेच प्रश्न विचारले कशावरून? मान्य. संभाषणाची शब्दशः प्रत आपल्याकडे नाही. पण एकतर्फी लेखनातही लेखकाचा हेतू दिसतो. आपल्याच माणसाला लिहिलेल्या पत्रात प्रतिपक्षाला बावळट रंगवणे सर्वांत सोपे असते, आणि त्या काळच्या दोन्हींकडच्या वादग्रंथांत तसे सर्रास आढळते. तिमथींचा खलिफा बावळट नाही. त्याचे प्रश्न धारदार आहेत, तो उत्तरांवर प्रतिप्रश्न करतो, आणि शेवटी तो ख्रिस्ती होत नाही. याच खलिफाने तिमथींकडून अॅरिस्टॉटलचा 'टॉपिका' हा ग्रंथ अरबीत करवून घेतला होता. तो ग्रंथ आहे वाद कसा घालावा याच विषयाचा. ज्याला सवाल-जबाबाची विद्या हवीशी वाटली त्याने सवाल नीट विचारले असतील, यात नवल नाही.

दुसरा आक्षेप असा: तिमथी प्रजाजन होते, जिझिया भरणाऱ्या समाजाचे प्रमुख. त्यांची नम्रता भीतीची असणार. भीती असेलच, तिचे अस्तित्व नाकारण्यात अर्थ नाही. पण भीतीने माणूस जे बोलतो ते बोलण्यावरून ओळखता येते: तो मुद्द्याच्या जागी मोघम होतो. तिमथी नेमके मुद्द्याच्याच जागी स्पष्ट आहेत. आणि हा आक्षेप उलटा करून पाहिला तर अधिक उपयोगी ठरतो. सत्ता आपल्या बाजूला असताना आपण ख्रिस्ती माणसे कशी बोललो? याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही, गोव्यापर्यंत गेले तरी पुरे.

१५७९च्या सप्टेंबरात अकबराचे निमंत्रण गोव्याला पोहोचले. धर्मचर्चेसाठी विद्वान पाद्री पाठवा आणि तुमचे ग्रंथ घेऊन या, असा त्याचा आशय होता. नोव्हेंबरात तीन येशूसंघीय निघाले: इटलीचे रुडॉल्फ आक्वाविवा, कॅटलोनियाचे आंतोनी मोन्सेरात आणि दुभाषी म्हणून होर्मुझमध्ये मुसलमान घरात जन्मलेले फ्रान्सिस हेन्रिक्स. पुढे मराठीत 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स त्याआधी महिनाभरच गोव्याच्या बंदरात उतरले होते. १५८०च्या फेब्रुवारीअखेर ही मंडळी फत्तेपूर सिक्रीला पोहोचली. त्यांनी अकबराला बायबलची अनेक भाषांतली भव्य आवृत्ती नजर केली, बेल्जियममधल्या अँटवर्पला छापलेली. मोन्सेरात लिहितात की बादशहाने पगडी उतरवली, एकेक खंड हातात घेऊन चुंबिला आणि मस्तकी लावला. मग यातले शुभवर्तमान कोणते ते विचारून घेतले. एका मुसलमान राजाने ख्रिस्ती ग्रंथाचा असा सन्मान केला होता. त्याच दरबारात इबादतखान्यातल्या, म्हणजे धर्मचर्चेच्या दालनातल्या, चर्चांत पाद्री इस्लामच्या पैगंबराबद्दल जे बोलले आणि घरी पाठवलेल्या पत्रांत जे लिहिले, ते वाचताना आज ख्रिस्ती वाचकाची मान खाली जाते. आक्वाविवा तपस्वी होते, त्यांनी मेहनतीने फारसी शिकून घेतली होती, त्यांच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. पण ज्याच्या धर्माचे वर्णन ते करत होते त्याला ते वर्णन शिवीसारखे लागत होते.

या चर्चा कुठवर आल्या होत्या ते अग्निदिव्याच्या गोष्टीवरून कळते. दोन्ही पक्षांनी आपापला ग्रंथ हाती घेऊन आगीत शिरावे, जो वाचेल त्याचा धर्म खरा, असा प्रस्ताव एकदा पुढे आला. दरबारी इतिहासकार अबुल फजल 'अकबरनाम्या'त तो पाद्र्याने मांडल्याचे आणि मौलवींनी कच खाल्ल्याचे लिहितो. त्याच काळचा दुसरा इतिहासकार बदायुनी याच्या मते आव्हान शेख कुतबुद्दीनने दिले आणि फिरंगी मागे सरले. मोन्सेरात सांगतात की कल्पना मुसलमानांकडून आली व ईश्वराची परीक्षा पाहणे पाप म्हणून पाद्र्यांनी ती नाकारली. एकाच प्रसंगाच्या तीन हकिकती, आणि प्रत्येकीत भित्रा वेगळा. कोणाचे खरे हे ठरवण्याच्या भरीस मी पडत नाही. मला दिसते ते असे की जिथे कोणीच कोणाचे म्हणणे नीट टिपून घेत नव्हते तिथे शेवटी शब्द संपले आणि आग मागवावी लागली.

आणि ही मंडळी ज्या गोव्यातून आली होती तिथे काय चालले होते? १५६० पासून इन्क्विझिशन होते. साष्टीतली देवळे पाडली गेली होती. १५८३ मध्ये आक्वाविवा परतले आणि त्याच वर्षीच्या जुलैत कुंकळ्ळीला, नव्या चर्चसाठी जागा पाहायला गेलेल्या मंडळींसह गावकऱ्यांच्या हातून मारले गेले. त्यांच्या मरणाला ख्रिस्तसभा हौतात्म्य मानते, मीही मानतो. पण त्यानंतर त्या गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या पोर्तुगीज किल्ल्यात बोलावून ठार केले गेले, हेही त्याच इतिहासातले पान आहे. हातात किल्ला असला की शब्दांत अचूकपणा ठेवायची गरज वाटेनाशी होते. हिंदू मित्रांसमोर, मुसलमान मित्रांसमोर बोलताना हे पान आम्ही ख्रिस्ती लोकांनी आपण होऊन उघडले पाहिजे. त्यांनी उघडण्याची वाट पाहू नये.

त्याच मोगल दरबारात पुढच्या पिढीने अधिक चांगला धडा घालून दिला आहे. १५९५ मध्ये लाहोरला आलेले जेरोम झेवियर जवळपास वीस वर्षे दरबारात राहिले. अकबराच्या आज्ञेने अब्दुस सत्तार हा लाहोरचा मुसलमान विद्वान त्यांच्याकडून युरोपीय भाषा शिकला, आणि झेवियर त्याच्या मदतीने फारसी लेखन करू लागले. दोघांनी मिळून १६०२ मध्ये येशूचे चरित्र, 'मिरातुल कुद्स', बादशहाला सादर केले. एक पाद्री आणि एक मुसलमान विद्वान एका पानावर वाकून येशूच्या जीवनातला एकेक प्रसंग फारसीत बसवत आहेत, हे दृश्य मला इबादतखान्यातल्या सगळ्या वादांपेक्षा मोलाचे वाटते. कारण भाषांतर करताना वाक्यागणिक विचारावे लागते: तुला नेमके काय म्हणायचे आहे? आता यावर कोणी म्हणेल, अशा सहवासाने मतभेद विरघळतात आणि श्रद्धा पातळ होते. तसे झाले नाही. जहांगीरच्या दरबारातल्या रात्रीच्या बैठकांचा वृत्तांत याच अब्दुस सत्तारने लिहिला आहे. त्यात तो पाद्र्यांचा खंदा प्रतिवादी म्हणून उभा दिसतो, आणि त्याचे आक्षेप टोकदार आहेत कारण त्याला शुभवर्तमान माहीत होते.

माझ्याच सिद्धांतावर मला एक आक्षेप घ्यावासा वाटतो. अचूक माहिती म्हणजे आदर, असे असते तर आग्र्याचा वाद सर्वांत आदराचा ठरला असता. १८५४च्या १० आणि ११ एप्रिलला तिथे जर्मन मिशनरी कार्ल फांडर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांच्यात जाहीर वाद झाला. रहमतुल्लाह यांच्यासोबत डॉ. वझीर खान होते. त्यांनी इंग्लंडहून बायबलच्या चिकित्सेवरचे ग्रंथ आणले होते, युरोपच्याच पंडितांनी लिहिलेले. फांडर यांना हे अनपेक्षित होते. हस्तलिखितांत पाठभेद आहेत हे त्यांना कबूल करावे लागले. ठरलेल्या विषयांपैकी पहिल्या दोनांपुढे वाद गेलाच नाही. माहिती दोन्हींकडे भरपूर होती. पण ती होती समोरच्याच्या दुखऱ्या जागांची. माणसाच्या जखमा कुठे आहेत हे ठाऊक असणे आणि माणूस ठाऊक असणे यांत फरक आहे. म्हणून माझे विधान मी नेमके करतो. मित्र कशावर जगतो, कशाने त्याला रडू येते, प्रार्थनेत तो काय मागतो, याची अचूक माहिती आदराला लागते. त्याचे पाठभेद आणि त्याचे अंतर्विरोध नंतर येतात. कधी कधी येऊही नयेत.

राहता राहिला आपल्या मातीतला आक्षेप. सगळे धर्म एकच सांगतात, नद्या अनेक आणि सागर एक, मग हा खटाटोप कशाला? ज्या भावनेतून हे म्हटले जाते ती थोर आहे आणि तिने महाराष्ट्राला पुष्कळ वाचवले आहे. तरीही मला ते मान्य करता येत नाही. कुराणाच्या चौथ्या सुरेतली १५७वी आयत सांगते की त्यांनी इसाला ठार केले नाही आणि क्रूसावर चढवलेही नाही. माझी सगळी श्रद्धा तो क्रूसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला यावर उभी आहे. या दोन गोष्टी एकच आहेत असे सांगणारा माणूस आम्हा दोघांचेही ऐकत नाही. मित्राचे 'नाही' मी नाही म्हणूनच ऐकले पाहिजे. त्यामागे ईश्वर आपल्या प्रेषिताला अशा अपमानात सोडणार नाही हा त्याचा ईश्वरनिष्ठ भाव आहे, हेही समजून घेतले पाहिजे. आणि माझ्या 'होय'मागे ईश्वराने तो अपमान आपण होऊन पत्करला हा विश्वास आहे, हे त्याला सांगता आले पाहिजे.

मग यात धर्मांतराचा छुपा हेतू असतो का? प्रश्न रास्त आहे आणि तो आडून न विचारता समोर विचारला जावा. दोन्ही धर्म आपला संदेश सर्वांसाठी आहे असे मानतात. इकडे शुभवार्ता, तिकडे दावत, म्हणजे श्रद्धेकडे बोलावणे. मुसलमान मित्राला मी मुसलमान व्हावे असे मनातून वाटत असेल तर त्याचा मला राग नाही, ते प्रेमच आहे. असिसीचे संत फ्रान्सिस १२१९ मध्ये, क्रूसेडची लढाई चालू असताना, इजिप्तमधल्या दमिएत्ताजवळ सुलतान अल-कामिलला निःशस्त्र भेटले आणि सुखरूप परतले. १२२१च्या आपल्या नियमावलीत त्यांनी मुसलमानांमध्ये जाणाऱ्या बंधूंसाठी दोन मार्ग सांगितले. पहिला असा की वादविवाद करू नयेत, देवाकरता सर्वांच्या अधीन राहावे आणि आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करावे. दुसरा, देवाला ते रुचते असे दिसेल तेव्हा वचन सांगावे. मार्गांचा क्रम त्यांनी विचारपूर्वक ठेवला आहे असे मला वाटते. हेतू लपवू नये, गरज, भूक, आजारपण यांचा फायदा घेऊ नये, आणि मित्राने 'आता पुरे' म्हटले की विषय तिथेच सोडावा. यापलीकडे फळ काय येईल ते आपल्या हातात नाही.

बगदादचे ते संभाषण संपता संपता तिमथींनी एक दृष्टान्त दिला. रात्रीच्या वेळी, काळोख्या घरात, माणसांच्या घोळक्यात एक मोती पडतो. सगळे चाचपडत तो शोधतात. एकाच्या हाती मोती लागतो, कोणाच्या हाती काच, कोणाच्या हाती खडा, आणि प्रत्येकाला वाटते मोती आपल्याच मुठीत आहे. उजाडल्यावर कळेल कोणाकडे काय आहे. आपल्याकडेच मोती आहे असे तिमथींना वाटत होते आणि त्याची काही चिन्हे या जगातही दिसतात, असे त्यांनी पुढे मांडले. खलिफाला तेच आपल्याबद्दल वाटत होते. दोघेही आपापल्या जागी राहिले. अल-महदी ७८५ मध्ये वारला. तिमथी ८२३ पर्यंत आपल्या पदावर होते.

सभागृहात बसलेल्या ख्रिस्ती श्रोत्यांना माझी एक विनंती आहे. जाफरने नजाशीसमोर जिचा आरंभ म्हणून दाखवला ती सुरा मरियम कुराणातली एकोणिसावी आहे, ९८ आयतींची. प्रसूतीच्या कळा सोसणारी मरियम त्यात खजुराच्या झाडाखाली बसलेली आहे, तिच्या पायाशी झरा वाहतो आहे, झाडावरून ताजे खजूर गळत आहेत. वाचायला अर्धा तास पुरतो. मराठीत कुराणाचे भाषांतर मिळते. ती वाचा, आणि तुमच्या मुसलमान मित्राकडे जाऊन विचारा की तुला यातले काय सर्वांत प्रिय आहे. तो सांगेल ते मध्येच न तोडता ऐका. त्याने विचारले तर लूककृत शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय त्याला वाचायला द्या.